सातवा प्रश्न पाण्याचा

साखर कारखाना सुरू झाला की आमच्या बावडा गावात धुणं अंगणात वाळत घालायची सोय राहत नाही. धुराड्यातून काजळी येते आणि नेमकी पांढऱ्या कपड्यावर बसते. हातानं झटकली तर पसरते, म्हणून फुंकर मारून उडवावी लागते. लग्न होऊन आले त्या वर्षी थोरल्या जावेनं, बायजाक्कानं, मला हे शिकवलं. आज सकाळी मुलाच्या बनियनवर पहिली काजळी दिसली. भोंगा हल्ली मला नीट ऐकू येत नाही. हंगाम लागला हे मी कपड्यावरून ओळखते.

हंगामाला एक वास असतो. मळीचा, आंबूस आणि गोड. मागच्या शेतांत आता बंगले झालेत, तिथले लोक नाकाला रुमाल लावतात. आम्हाला त्या वासाचं काही वाटत नाही. रस्त्यावरून ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून जातात. म्हशींना उसाच्या शेंड्यांचं वाडं मिळतं, त्या खूश असतात. गुऱ्हाळावरून रसाची किटली घरोघरी येते. आल्यागेल्याच्या हातात पहिल्यांदा रसाचा पेला. पावसाळ्यातसुद्धा माणसाच्या घशाखाली एवढं ओलं जात नाही.

अशा हंगामात बायजाक्का पाण्यावाचून गेली. याला तीन हंगाम झाले. नळ तिच्या दारात होता.

मी चौथी शिकलेली बाई आहे. जोडाक्षरं अडतात, ती नात दुरुस्त करून देते. लिहायची हौस मला नाही. पण काजळी दिसली की तो हंगाम आठवतो आणि आठवला की दिवसभर तोंडाची चव जाते. म्हणून लिहून टाकते.

आमच्या मागच्या खोलीत तेव्हा शीतल भाड्यानं राहायची. शाहूवाडीकडची, डोंगरातली पोरगी. शहरातल्या एका दवाखान्यात नर्स. ड्यूटीवरून आली की पायातले पांढरे बूट पायरीवर काढायची, पालथे घालायची आणि मग हाक मारायची, "आज्जी, हायसा न्हवं?" मी म्हणायची, "हाय. अजून गेली न्हाय." हे आमचं रोजचं होतं. तिच्या अंगाला औषधाचा वास यायचा. मळीच्या वासात तो मिसळला की कसातरीच लागायचा, पण मला सवय झाली होती. त्या बुटांवरही काजळी बसायची. ती तळहातानं पुसायला जायची आणि काळं फासून घ्यायची. मी तिला फुंकर मारायला शिकवली.

एक दिवस म्हणाली, "आज्जी, मी पीएच.डी.ला नाव घातलंय."

"म्हंजे डॉक्टर हुणार? मग सुई कोण टोचणार?"

"तसली डॉक्टर न्हवं वो. अभ्यासाची. म्हाताऱ्या माणसांची घरात निगा कशी राखायची, त्याचा अभ्यास."

"त्याला अभ्यास कशाला लागतोय? म्हातारं माणूस म्हंजे काय ऊस हाय व्हय, लागण आन खोडवा बघायला?"

ती हसली. म्हणाली, "उसाचा अभ्यास करणारी लई हायती, आज्जी. तुमचा करणारं कोण न्हाय."

तेव्हा मला ते बोलणं गमतीचं वाटलं.

पुण्याची कुठलीशी संस्था होती. म्हाताऱ्यांच्या सेवेवर पीएच.डी. करणाऱ्या नर्सनाच ती शिष्यवृत्ती द्यायची. ती मिळाली तर शीतलला बिनपगारी रजा काढून तीन वर्षं अभ्यास करता येणार होता. नाही मिळाली तर अभ्यास संपला. गावाकडे आई आणि शिकणारा भाऊ तिच्या पगारावर होते, ड्यूटी सोडून चालणार नव्हती. अर्जाबरोबर थोडी पाहणी करून न्यायची होती. म्हणून तिनं आमची गल्ली धरली. घरोघरच्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारायचे, उत्तरं कागदावर लिहायची, खाली सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि ते सगळं घेऊन पुण्याला मुलाखतीला जायचं. तिनं कागदाच्या प्रती काढून आणल्या, पायरीवर बसून टाचल्या. त्या दिवशी ती गुणगुणत होती. शीतलला गुणगुणताना मी तेवढंच ऐकलं.

आता माझी करणी सांगते.

मी तिसरीत असताना शाळा तपासायला साहेब आले होते. आमचे गुरुजी आठवड्यातले चार दिवस स्वतःच्या शेतात असायचे. साहेब येणार कळल्यावर त्यांनी आम्हाला रांगेत बसवून पढवलं. साहेबांनी काही विचारलं की 'होय साहेब' म्हणायचं. साहेबांनी विचारलं, "गुरुजी रोज शिकवतात का?" आम्ही सगळ्यांनी मिळून गळा काढला, "होय साहेब!" साहेब खूश झाले. गुरुजी खूश झाले. आम्हाला एकेक पेरू मिळाला. आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी परत शेताला गेले. माझी जोडाक्षरं राहिली ती तिथंच राहिली. पण माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं. वरून कुणी विचारायला आलं की सगळं चांगलं सांगायचं, म्हणजे आपलं माणूस पास होतं.

संध्याकाळी दूध घालायला आम्ही बायका दूध संस्थेच्या कट्ट्यावर जमायचो. तिथं मी सगळ्यांना थांबवलं.

"ऐका गं. उद्यापासनं माझी शीतल कागद घिऊन दारात येणार हाय. पुण्याच्या सायबांस्नी दाखवायचा हाय त्यो. तिचं पास-नापास तुमच्या तोंडात हाय. कुणी रड लावायची न्हाय."

शिवाक्का म्हणून आमची शेजारीण आहे, कुरुंदवाडकडची. तिचं तोंड कधी बंद नसतं. ती म्हणाली, "गुडघं दुखत्यात म्हणायचं न्हाय?"

"न्हाय."

"सून भाजीत मीठ घालत न्हाय म्हणायचं न्हाय?"

"त्येबी न्हाय."

"मग बोलू काय, हौसा? माझ्याकडं दुसरं हाय काय?"

सगळ्या हसल्या. माप घेणारासुद्धा हसला. पण सगळ्यांनी ऐकलं, कारण शीतल गल्लीची लाडकी होती. कुणाचं ब्लड प्रेशर बघायची, कुणाच्या गोळ्या कागदात बांधून त्यावर सूर्य आणि चंद्र काढून द्यायची. तिच्यासाठी एवढं करायला कुणाचीच ना नव्हती. आणि खरं सांगायचं तर घरातलं गाऱ्हाणं कागदावर उतरणार नाही, याचं सगळ्यांना बरंच वाटलं. मलाही वाटलं.

ती घरोघर गेली. सगळीकडं तेच. झोप लागते. जेवण जातं. मुलं-सुना चांगल्या बघतात. मला तिनं विचारलं, "वर्षात कधी पडलाय काय?" मी म्हटलं, "मी? मी कशाला पडतीय?" दोनच महिन्यांपूर्वी नळाजवळ पाय घसरून मी पाठीवर पडले होते, आणि शेक घ्यायचा तोही सून बाजारला गेल्यावर घ्यायची. चेहरा सरळ ठेवून उत्तर दिलं. सातवा प्रश्न पाण्याचा होता. दिवसातून पाणी किती पिता? सगळ्यांचं उत्तर एकच. भरपूर.

बायजाक्का कट्ट्यावर येत नव्हती, तिला मी आदल्या रात्रीच पढवून ठेवलं होतं. तिच्या घरी मी मुद्दाम बरोबर गेले. आमचं अंगण एकच, मध्ये फक्त तुळस. शीतल म्हणाली, "आज्जी, तुम्ही जरा भाईर बसा. एकट्या माणसाला विचारायचं असतंय."

"मी काय परकी हाय?" असं म्हणून मी तिथंच फतकल मारली.

बायजाक्का खाटेवर होती. गुडघे गेल्यापासून ती तिथंच असायची. मोरी परड्यात, मागच्या अंगाला. तिथं जायला धरायला कुणीतरी लागायचं. तिची सून सुरेखा वाईट नव्हती, हे मी आधीच लिहून ठेवते. तीन म्हशी, शेत, दूध, दोन मुलींचे डबे. ती सकाळपासून पळत असायची. बायजाक्काला तिला हाक मारायचा संकोच. म्हणून तिनं युक्ती काढली होती. पाणीच प्यायचं नाही. सकाळी एक कप चहा आणि दुपारी गोळी गिळण्यापुरतं पाणी. सुरेखा रोज उशाशी तांब्या भरून ठेवायची. ही तो खिडकीतून झेंडूच्या आळ्यात ओतायची. झेंडू काय फुलला होता त्या वर्षी! रसाचा पेला पुढं केला तर म्हणायची, "नको गं हौसा, उठावं लागतंय." हे सगळं मला ठाऊक होतं. मी तिला हसले होते. काटकसरी बाई, म्हटलं होतं.

शीतलनं विचारलं, "पाणी किती पिता, मोठ्या आज्जी?"

बायजाक्कानं माझ्याकडं बघितलं. 'सांग' म्हणून मी मान हलवली.

"पोटभर पितो की बाई," ती म्हणाली.

"मोरीला जायला कुणाची मदत लागती?"

"न्हाय. माझी मी जातो."

शीतलनं लिहिलं. मग अंगठा घ्यायचा होता. बायजाक्काचा हात धरून अंगठा शाईवर मी दाबला, कागदावरही मीच टेकवला. ठसा उठला नाही. परत शाई लावली, परत दाबला. नुसत्या दोन-चार रेघा. कातडी इतकी सुकलेली होती की शाई धरत नव्हती. शीतल म्हणाली, "ह्यांचा हात लई कोरडा हाय." मी म्हटलं, "जन्मभर शेण थापलंय, कोरडा न्हाय तर काय मऊ असणार?" शेवटी अंगठ्याला ओलं फडकं लावलं, तेव्हा ठसा उठला.

बाहेर आल्यावर शीतल तुळशीजवळ थांबली. "आज्जी, सगळ्या खरं सांगत्यात न्हवं? इतकं चांगलं कसं काय?"

"आमच्या गल्लीत खोटं बोलायची रीत न्हाय," मी म्हटलं.

तिनं विश्वास ठेवला. अजून वाटतं, तिनं ठेवायला नको होता.

संक्रांतीच्या आसपास ती पुण्याला गेली. जाताना माझ्या पाया पडली. मी गूळ हातावर ठेवला. परत आली ती दुपारी, उन्हात. बूट काढले, पण हाक मारली नाही. पायरीवर बसून राहिली. मी बाहेर आले.

"झाली का पास?"

"न्हाय, आज्जी."

"का? काय चुकलं?"

"काय चुकलं न्हाय. कागद बघितलं त्यांनी. म्हणालं, तुमच्या भागातल्या म्हाताऱ्यांस्नी काहीच त्रास दिसत न्हाय. मग अभ्यास कशाचा करणार? शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणालातरी मिळाली."

"मग बदलून लिवायचं हुतंस की चार कागद!"

"असं करून चालत न्हाय, आज्जी. माणसानं सांगितलं तेच लिवायचं असतंय."

मला लपवता येईना. कट्ट्यावर काय झालं ते मी सांगितलं. शाळेचं, साहेबांचं, पेरूचंही सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बुटावरच्या काजळीकडं बघत होती. मग म्हणाली, "मला मार्क पडणार नव्हतं वो त्यात. मला तुमचं दुखणं पायजे हुतं."

एकदम तिनं मान वर केली. "मोठ्या आज्जीपण खोटंच बोलल्या? पाणी किती पित्यात त्या?"

मी सांगितलं.

ती अनवाणीच अंगण ओलांडून गेली. मी मागनं. बायजाक्का दोन दिवसांपासून बडबडत होती. तिची आई दारात आलीय म्हणायची. आम्ही समजलो होतो, वयानं होतंय. शीतलनं तिच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी खाली बसली नाही, तशीच उभी राहिली. ओल्या फडक्याची घडी राहते तशी. शीतल सुरेखाला म्हणाली, "रिक्षा बोलवा." आवाज चढवला नाही.

शीतलच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लघवीत जंतू झाले, ते रक्तात गेले, मूत्रपिंडं थकलीत. बायजाक्काला लघवीची नळी घातली. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली. मी शेजारी बसले होते. तिनं पाणी मागितलं. पेला दिला. परत मागितलं. परत दिलं. डॉक्टरांनी नेमून दिलं होतं तेवढंच शीतल देत होती, आणि ही लहान पोरासारखी पेल्याचा काठ सोडत नव्हती. माझ्याकडं बघून म्हणाली, "हौसा, हितं लई बरं हाय. उठायला लागत न्हाय."

माझ्याशी बोललेलं तिचं हे शेवटचं वाक्य. मला देवाधर्माचं काही तिनं सांगितलं नाही.

कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपायच्या आत ती गेली. दिवसकार्य झाल्यावर सुरेखा चुलीपुढं बसून म्हणाली, "धाकट्या आत्ती, मला हाक मारली असती तर मी न्हेलं नसतं व्हय?" नेलं असतं. कुरकुरत नेलं असतं, पण नेलं असतं. मला हे ठाऊक आहे, आणि सुरेखाला खिडकीखालच्या झेंडूचं ठाऊक नाही. मी अजून सांगितलेलं नाही. सांगून काय करू? त्या आळ्यात तिनं आता कोथिंबीर लावलीय.

शीतल पुढच्या वर्षी परत अर्ज करणार होती. पण शिष्यवृत्तीला वयाची अट होती आणि तिचं वय त्याच वर्षी अटीबाहेर गेलं. मग तिनं परदेशाचे कागद केले. आता तिकडं म्हाताऱ्यांच्याच एका दवाखान्यात आहे. कधीतरी नातीच्या मोबाईलवर दिसते. सांगते, इथल्या म्हाताऱ्यांच्या उशाशी एक बटण असतं. दाबलं की माणूस येतं. "दिवसातनं वीसदा दाबत्यात, आज्जी. उशी सरकव म्हणून दाबत्यात. पडदा ओढ म्हणून दाबत्यात." मी विचारलं, "लाज न्हाय वाटत त्यास्नी?" ती म्हणाली, "न्हाय. तेवढंच शिकायचंय त्यांच्याकडनं." तिच्या मागं पांढरी भिंत होती. बर्फ पडतो म्हणाली, बुटांवर बसतो, फुंकर मारली की उडतो.

तिच्या खोलीत आता कारखान्यातला एक फिटर राहतो. तो दाराला कुलूप घालून जातो, हाक मारत नाही.

गेल्या आठवड्यात माळ्यावरचं सामान काढलं, तेव्हा एक कोरा कागद सापडला. तिच्या प्रश्नांचाच. टाचणी गंजली होती. दोन दिवस मी तो उशाखाली ठेवला. आज काजळी दिसली तेव्हा नातीकडून पेन घेतलं आणि खाटेवर बसून भरला. स्वतःचा.

वर्षात कधी पडलात का? दोनदा. एकदा अंगणात, एकदा उंबऱ्यात. घरात सांगितलेलं नाही.

झोप लागते का? पहाटेपर्यंत नाही.

पाणी किती पिता? हा सातवा. गेल्या वर्षापासून माझेही गुडघे गेलेत. मोरीकडं जाताना भिंत धरावी लागते. वैशाली, माझी सून, दुपारी शिवणकामाला बसते, मशीन चालू असलं की तिला उठवावंसं वाटत नाही. मी लिहिलं, दोन पेले. मदत लागते का? लागते. मागत नाही.

खाली सही केली. माझी सही वाकडी आहे, पण माझी आहे.

नातीनं फोटो काढून शीतलला पाठवला. जेवण झाल्यावर उत्तर आलं. नातीनं वाचून दाखवलं. पहिलं होतं, "अक्षर छान आहे, आज्जी." मग दुसरं आलं.

"हा कागद आता मी कुठं लावू?"

नातीनं विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, राहू दे. तिनं मोबाईल उचलून नेला. बाहेरून ट्रॅक्टर गेला, भांड्यांची फळी हादरली. आत मशीन चालू होतं. गुऱ्हाळाची किटली आलेली होती, वैशालीनं माझा पेला मघाशीच भरून ठेवला होता. त्यावर काजळीचा एक कण तरंगत होता.

"वैशाली," मी हाक मारली. ऐकू गेलं नसेल म्हणून परत मारली. मशीन थांबलं. ती दारात आली, गळ्यात टेप तसाच.

"काय वो, आत्ती?"

"मला मोरीकडं न्हे."

ती खाटेजवळ आली. "कधीपासनं तसंच दाबून बसलाय?"

"लई दिवस झालं."

"मग हाक मारायची की!" ती खेकसली आणि माझा दंड धरला. तिच्या हाताला सुताचा वास होता. वाटेत दोन पायऱ्या आहेत. आम्ही त्या उतरलो.

बायजाक्काच्या परड्यातही दोनच होत्या.